यूडब्ल्यूबीचा साधा रिसीव्हर: काय वगळावे, काय राखावे

अमेरिकेच्या फेडरल कम्युनिकेशन्स कमिशनने १४ फेब्रुवारी २००२ रोजी ३.१ ते १०.६ गिगाहर्ट्झ एवढा सलग पट्टा अल्ट्रा-वाइडबँड, म्हणजे यूडब्ल्यूबी उपकरणांना विनापरवाना वापरासाठी खुला केला. पट्टा प्रचंड, पण शक्तीची मर्यादा कडक: दर मेगाहर्ट्झमागे उणे ४१.३ डीबीएम. सगळे साडेसात गिगाहर्ट्झ वापरले तरी एकूण शक्ती अर्ध्या मिलिवॉटच्या जेमतेम वर जाते. एवढ्याशा शक्तीतही एका खोलीच्या अंतरात शेकडो मेगाबिटचा वेग मिळू शकतो, हे अनेकांनी तेव्हाच हेरले.

पुढे घडले ते वेगळेच. वेगवान यूडब्ल्यूबीचे मानक ठरवायला बसलेला आयईईईचा ८०२.१५.३ए गट दोन तटांत विभागला आणि जानेवारी २००६ मध्ये तो बरखास्त झाला. त्यातील मल्टिबँड ओएफडीएमवाल्यांनी आधीच, डिसेंबर २००५ मध्ये, ईसीएमए-३६८ हे मानक वेगळे काढले होते. त्याचा वेग ५३.३ ते ४८० मेगाबिट प्रतिसेकंद. त्यावर बेतलेली वायरलेस यूएसबीची उपकरणे बाजारात आली, पण टिकली नाहीत. २०१९ च्या आयफोन ११ पासून यूडब्ल्यूबी फोनमध्ये पुन्हा दिसू लागले ते मुख्यतः अंतर आणि दिशा मोजण्यासाठी.

या माघारीला बाजाराची कारणे होतीच, पण रिसीव्हरचा बोजाही लहान नव्हता. ५२८ मेगाहर्ट्झचा एकेक पट्टा वाचायला सेकंदाला ५२.८ कोटी नमुने, तेही दोन वाटांनी. त्यावर १२८ बिंदूंचे एफएफटी. आणि साडेनऊ नॅनोसेकंदांत पट्टा बदलणारा सिंथेसायझर. म्हणून वेग राखून रिसीव्हर किती हलका करता येईल, हा प्रश्न आजही जिवंत आहे. इलेक्ट्रॉनिक्सच्या शेवटच्या वर्षाचा प्रकल्प, एमटेकचा प्रबंध किंवा छोट्या कंपनीतला पहिला नमुना यासाठी तो घेणाऱ्यांकरिता हा लेख आहे. भाग वगळणे सोपे असते. वगळलेल्या प्रत्येक भागाची किंमत डेसिबलमध्ये सांगता आली, तरच त्याला डिझाइन म्हणावे.

१. सर्किटआधी हिशेब

कागदावर पहिली ओळ ट्रान्समीटरची लिहा. ५०० मेगाहर्ट्झ रुंदीचा पट्टा घेतला, तर उणे ४१.३ मध्ये २७ डेसिबलची भर पडून शक्ती होते उणे १४.३ डीबीएम, म्हणजे सुमारे ०.०३७ मिलिवॉट. मध्य वारंवारता ४ गिगाहर्ट्झ आणि अँटेनाचा लाभ शून्य धरा. मोकळ्या हवेतील घट १ मीटरला ४४.५, ४ मीटरला ५६.५ आणि १० मीटरला ६४.५ डेसिबल येते.

दुसरी ओळ नॉइजची. उष्णतेमुळे येणारा नॉइज दर हर्ट्झमागे उणे १७४ डीबीएम. ५०० मेगाहर्ट्झसाठी त्यात ८७ मिळवा आणि पहिल्या ॲम्प्लिफायरसह रिसीव्हरचा स्वतःचा नॉइज म्हणून ६ डेसिबल धरा. बेरीज उणे ८१ डीबीएम.

आता वजाबाकी. ४ मीटरवर सिग्नल नॉइजच्या १०.२ डेसिबल वर असतो, १० मीटरवर फक्त २.२ डेसिबल. वेग १०० मेगाबिट असेल तर एका बिटला पाचपट बँडविड्थ मिळते, म्हणजे आणखी ७ डेसिबल. म्हणून एका बिटची ऊर्जा आणि नॉइजची घनता यांचे गुणोत्तर ४ मीटरवर १७.२ आणि १० मीटरवर ९.२ डेसिबल भरते. पुढे याला बिट-गुणोत्तर म्हणू.

हजारात एक बिट चुकलेला चालेल असे मानले, तर फेज अचूक जुळवून चालणाऱ्या, म्हणजे कोहिरंट बीपीएसके रिसीव्हरला आदर्श स्थितीत ६.८ डेसिबल लागतात. नुसती ऊर्जा मोजणाऱ्या साध्या रिसीव्हरला १४ डेसिबलच्या आसपास लागतात; हा आकडा कुठून येतो ते पुढे पाहू. ४ मीटरवर साध्या रिसीव्हरच्या हाती ३ डेसिबल शिल्लक राहतात आणि १० मीटरवर ५ डेसिबलची तूट येते. निर्णयाचा निम्मा भाग इथेच होतो: एका टेबलावर किंवा एका खोलीत काम असेल तर साधेपणा परवडतो, दोन खोल्या ओलांडायच्या असतील तर परवडत नाही. हे चार आकडे मांडण्याआधी सिम्युलेशन सुरू करू नका.

२. खोलीतले प्रतिध्वनी मोजा

विजापूरच्या गोलघुमटात टाळी वाजवली की एकाच टाळीच्या अनेक टाळ्या होऊन परत येतात. खोलीत सोडलेल्या पल्सचेही तसेच होते. फक्त इथे सगळा खेळ नॅनोसेकंदांत आटोपतो. भिंती, कपाटे, पंखा यांवर आपटून पल्सच्या अनेक प्रती मागेपुढे पोहोचतात. पल्स जितकी अरुंद, तितक्या या प्रती एकमेकींपासून सुट्या दिसतात आणि तितकी ऊर्जा अनेक तुकड्यांत विखुरते.

८०२.१५.३ए गट मागे पडला तरी त्याने तयार केलेली खोल्यांची चार गणिती मॉडेल्स आजही उपयोगी आहेत. त्यांचा पाया ॲडेल सालेह आणि रेनाल्डो व्हॅलेन्झुएला यांच्या १९८७ मधील कामात आहे. सीएम१ हे समोरासमोर ४ मीटरपर्यंतचे, सीएम२ तेवढ्याच अंतराचे पण मध्ये आडोसा असलेले, सीएम३ हे ४ ते १० मीटरचे आडोशासह आणि सीएम४ सर्वांत बिकट. प्रतिध्वनींचा आरएमएस पसारा सीएम१ मध्ये सुमारे ५, सीएम३ मध्ये सुमारे १४ आणि सीएम४ मध्ये २५ नॅनोसेकंद आहे.

वेगाच्या दृष्टीने हे आकडे काय सांगतात? प्रतिध्वनींची शक्ती घातांकी पद्धतीने ओसरते असे ढोबळमानाने धरा. १०० मेगाबिटच्या एकपट्टी रचनेत दर बिटला १० नॅनोसेकंद मिळतात. पसारा ५ असेल तर १० नॅनोसेकंदांनंतरही साडेतेरा टक्के ऊर्जा मागे उरते आणि पुढच्या बिटावर चढते. पसारा १४ असेल तर जवळजवळ निम्मी ऊर्जा पुढच्या बिटांत घुसते. तोच बिट ४० नॅनोसेकंदांचा केला तर पहिल्या स्थितीत शेपूट ०.०३ टक्क्यांवर येते, दुसऱ्या स्थितीत पावणेसहा टक्क्यांच्या आसपास. साध्या रिसीव्हरचा खरा शत्रू नॉइजपेक्षा ही शेपूट आहे, कारण ती कापणारा इक्वलायझर आपण मुद्दाम वगळणार आहोत.

३. तीन ओझी आणि ती उतरवण्याचे मार्ग

परिपूर्ण यूडब्ल्यूबी रिसीव्हर तीन ओझी वाहतो: अतिवेगाने नमुने घेणे, खोलीचा प्रतिसाद ओळखणे आणि वेळ अचूक जुळवणे. कोणते ओझे उतरवायचे, यावर रचनेचा प्रकार ठरतो.

*पहिला मार्ग: ऊर्जा मोजणे.* अँटेना, फिल्टर आणि लो-नॉइज ॲम्प्लिफायर यांच्यानंतर सिग्नलचा वर्ग करायचा, ठरावीक खिडकीत तो साठवायचा आणि बेरीज वाचायची. वर्ग करण्यासाठी मिक्सरच्या दोन्ही तोंडांना एकच सिग्नल दिला तरी चालतो. खोलीचा प्रतिसाद ओळखावा लागत नाही, कारण सगळे प्रतिध्वनी आपोआप बेरजेत येतात. गिगाहर्ट्झचे नमुने नकोत. दर बिटला एक-दोन वाचने पुरतात.

वेळेच्या बाबतीतला फायदा तर डोळे दिपवणारा आहे. ४ गिगाहर्ट्झच्या कोहिरंट रिसीव्हरमध्ये लहरीचा काळ २५० पिकोसेकंद. वेळ ३१ पिकोसेकंदांनी चुकली की ४५ अंशांची चूक होते आणि ३ डेसिबल जातात. दोन्ही टोकांच्या क्रिस्टलमधला फरक दशलक्षात ४० भाग असेल तर ही चूक मायक्रोसेकंदाच्या आत घडते. १०० मेगाबिटला म्हणजे शंभर बिटांच्या आत. ऊर्जा मोजणाऱ्या रिसीव्हरला २ नॅनोसेकंदांची चूक सहज खपते, आणि तेवढी चूक साचायला ५० मायक्रोसेकंद लागतात.

किंमत अशी की सिग्नलबरोबर नॉइजचाही वर्ग होतो. दोन जागांपैकी एका जागी पल्स ठेवणाऱ्या पीपीएममध्ये आवश्यक बिट-गुणोत्तर खिडकीचा काळ आणि बँडविड्थ यांच्या गुणाकारावर ठरते. ५०० मेगाहर्ट्झ आणि २० नॅनोसेकंद घेतले तर गुणाकार १० आणि गरज सुमारे १४.२ डेसिबल, खिडकी ४० केली तर सुमारे १५. शिवाय सिग्नल नॉइजखाली गेला की घसरण दुपटीने होते, म्हणून अशा रिसीव्हरचा पल्ला हळूहळू विरत नाही, अचानक तुटतो.

खिडकी किती ठेवावी, यावर नवशिके फार वेळ घालवतात. ५ नॅनोसेकंद पसाऱ्याच्या खोलीत १० नॅनोसेकंदांची खिडकी ८६ टक्के ऊर्जा पकडते आणि २० नॅनोसेकंदांची ९८ टक्के. पण लांब खिडकीत नॉइजही वाढतो. दोन्हींचा निव्वळ फरक एक दशांश डेसिबलपेक्षा कमी निघतो. फरक पडत नसेल तिथे छोटी खिडकी घ्या, वाचलेला काळ शेपटीला ओसरू द्या.

*दुसरा मार्ग: संदर्भ पल्स सोबत पाठवणे.* एक पल्स कोरी, दुसरी माहिती घेऊन. रिसीव्हर पहिलीला थोडे थांबवून दुसरीशी गुणतो. कोरी पल्स खोलीतून जाताना त्याच प्रतिध्वनींचा ठसा घेऊन येते, म्हणून साचा आयता मिळतो. कल्पना देखणी, पण निम्मी ऊर्जा संदर्भावर खर्च होते आणि साचाही नॉइजने माखलेला असतो. खरी अडचण थांबवण्याची आहे. २० नॅनोसेकंदांचा विलंब साध्या कोॲक्सियल केबलने द्यायचा तर सुमारे ४ मीटर केबल लागते. इतक्या रुंद पट्ट्यासाठी असा विलंब चिपवर बसवणे अवघड.

त्यावर डेनिस गोकल आणि क्वू झांग यांनी २००७ मध्ये उपाय मांडला: संदर्भ वेळेत सरकवण्याऐवजी वारंवारतेत किंचित सरकवायचा. विलंबाची तार जाते, एक मिक्सर पुरतो. मंद वेगासाठी ही रचना उत्तम. वेग वाढला की मात्र सरकण्याचे अंतर बिटच्या वेगाएवढे मोठे होते. पसारा १० नॅनोसेकंद असलेल्या खोलीत एकमेकांसारखा प्रतिसाद साधारण २० मेगाहर्ट्झपर्यंतच टिकतो. १०० मेगाबिटला संदर्भ आणि माहिती यांचे प्रतिसाद वेगळे पडतात. वेगवान कामासाठी हा मार्ग बाजूला ठेवा.

*तिसरा मार्ग: कोहिरंट राहून बिट कमी करणे.* पल्ला हवा असेल तर फेज सोडू नका, नमुन्यातील बिट सोडा. चार बिटांच्या फ्लॅश कन्व्हर्टरमध्ये १५ कम्परेटर असतात, एका बिटच्यात एकच. नॉइज जास्त असताना एकबिट वाचनाचा तोटा सुमारे २ डेसिबलच होतो, कारण नॉइज स्वतःच सिग्नलला उंबरठ्याच्या दोन्ही बाजूंना हलवत राहतो. आपोआप गेन बदलणारे सर्किटही जवळजवळ वगळता येते. बर्कलीच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात इयन ओ'डॉनेल आणि रॉबर्ट ब्रॉडरसन यांनी अशीच एकबिट रचना मांडली होती.

या मार्गात प्रतिध्वनी गोळा करायला रेक, म्हणजे प्रत्येक प्रत वेगळ्या फांदीत पकडून त्यांची बेरीज करणारा भाग, लागतो. सर्वांत बलवान प्रती निवडणाऱ्या रेकला पूर्ण प्रतिसाद ओळखावा लागतो. आधी पोहोचणाऱ्या काही प्रती घेणारा आंशिक रेक कितीतरी सोपा. समोरासमोरच्या खोलीत आंशिक रेक घ्या. आडोसा असेल तर पहिली प्रत बहुधा सर्वांत बलवान नसते, हे लक्षात ठेवून फांद्या वाढवा.

४. वेग हवा, तर समांतर आणि संथ

ऊर्जा मोजणाऱ्या रिसीव्हरला लांब बिट आवडतो आणि आपल्याला वेग हवा असतो. सुटका एकच: एका पट्ट्यात घाई करण्याऐवजी अनेक पट्टे संथ चालवणे. ५०० मेगाहर्ट्झचे आठ पट्टे घ्या, प्रत्येकात दर ४० नॅनोसेकंदांना पल्स असणे-नसणे एवढेच सांगा. पट्ट्यामागे २५ मेगाबिट, एकूण २०० मेगाबिट.

शक्तीची मर्यादा दर मेगाहर्ट्झमागे असल्याने प्रत्येक पट्ट्याला स्वतःचे उणे १४.३ डीबीएम मिळतात. २५ मेगाबिटला बिट-गुणोत्तर ६ डेसिबलने वाढते: ४ मीटरवर, ४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात सुमारे २३. ८ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात हवेतील घट ६ डेसिबल जास्त, तरी १७ उरतात. शेपूट जवळजवळ संपलेली असते. मोबदल्यात आठ फिल्टर, आठ वर्गकारक आणि आठ इंटिग्रेटर लागतात, पण प्रत्येक कन्व्हर्टर सेकंदाला फक्त अडीच कोटी नमुने घेतो. जागा वाढते, अवघडपणा वाढत नाही.

इथे तीन बारकावे सांभाळा. पहिला, पल्स एकाच चिन्हाच्या असतील तर स्पेक्ट्रममध्ये टोकदार रेषा उभ्या राहतात आणि मेगाहर्ट्झमागची मर्यादा मोडते. ट्रान्समीटरमध्ये पल्सचे चिन्ह यादृच्छिक उलटवा. वर्ग केल्यावर चिन्ह नाहीसे होते, त्यामुळे रिसीव्हरला फरक पडत नाही. दुसरा, असणे-नसणे ओळखण्याचा उंबरठा दोन सरासरींच्या बरोबर मध्यावर ठेवू नका. पल्स असताना चढउतार जास्त असतो, म्हणून उंबरठा रिकाम्या बाजूकडे सरकलेला हवा. पॅकेटच्या सुरुवातीला थोडा शांत काळ आणि एकाआड एक बिट ठेवले तर दोन्ही सरासरी व चढउतार प्रत्यक्ष मोजता येतात. तिसरा, नियम देशागणिक बदलतात. युरोपमध्ये उणे ४१.३ ची मर्यादा मुख्यतः ६ ते ८.५ गिगाहर्ट्झमध्ये सरळ मिळते. तिथे असे पाचच पट्टे बसतात आणि वेग १२५ मेगाबिट होतो.

५. शेजारी वायफाय

आपल्या पट्ट्याची शक्ती ०.०३७ मिलिवॉट आणि शेजारच्या वायफायची १०० मिलिवॉट असेल, तर तो ३४ डेसिबलने वरचढ ठरतो. ऊर्जा मोजणारा रिसीव्हर कोणाची ऊर्जा ते ओळखत नाही आणि एकबिट कन्व्हर्टरला बलवान शेजारी सरळ ताब्यात घेतो. म्हणून साध्या रिसीव्हरमध्ये एक गोष्ट कधीही स्वस्त करू नये: पहिला फिल्टर. ५.१५ ते ५.८५ गिगाहर्ट्झ टाळून पट्टे मांडा. अमेरिकेने २०२० मध्ये ५.९२५ ते ७.१२५ गिगाहर्ट्झही वायफायसाठी खुले केले आहे, तेव्हा वरच्या पट्ट्यांतही एखादा बिघडलेला पट्टा बंद करून उरलेल्यांवर चालण्याची सोय ठेवा. अनेक पट्ट्यांच्या रचनेला ही सोय फुकट मिळते.

६. तपासणीचा क्रम

जीएनयू ऑक्टेव्ह किंवा पायथॉन पुरेसे आहे. आधी नुसत्या नॉइजमध्ये बीपीएसके चालवा. हजारात एक चुकीसाठी ६.८ डेसिबल आले नाहीत तर पुढे जाऊ नका, चूक तुमच्या नॉइजच्या मोजमापात आहे. मग ऊर्जा-रिसीव्हर, मग सीएम१ ते सीएम४, मग कन्व्हर्टरचे बिट, शेवटी वायफाय. एका वेळी एकच गोष्ट जोडा आणि तिने किती डेसिबल खाल्ले ते तक्त्यात लिहा. प्रत्येक बिंदूवर निदान शंभर चुका मोजेपर्यंत थांबा. एकाच खोलीवर समाधान मानू नका: ८०२.१५.३ए गट प्रत्येक मॉडेलच्या शंभर खोल्या घेऊन त्यांतील नव्वद उत्तम खोल्यांवर निकाल देत असे, आणि ती शिस्त आजही योग्य आहे.

प्रत्यक्ष खोली मोजायची तर महागड्या ऑसिलोस्कोपची वाट पाहू नका. डेकावेव्हची डीडब्ल्यू१००० चिप असलेली छोटी मॉड्यूल्स मिळतात. त्यांचा डेटावेग ६.८ मेगाबिटच आहे, पण खोलीचा प्रतिसाद सुमारे १ नॅनोसेकंदाच्या पायरीने त्या चिपमधून वाचता येतो. तुमच्या प्रयोगशाळेचा, व्हरांड्याचा, वर्गाचा पसारा काढा आणि तो मॉडेलच्या शेजारी ठेवा. स्वतःचा ट्रान्समीटर मात्र आधी ॲटेन्युएटर लावून केबलवरच चालवा. हवेत सोडण्यापूर्वी दूरसंचार विभागाच्या वायरलेस प्लॅनिंग अँड कोऑर्डिनेशन शाखेचे नियम पाहा.

मोजमाप मिलिवॉटमध्ये मांडून थांबू नका. बिटमागे किती ऊर्जा गेली ते सांगा. एमआयटीत फ्रेड ली आणि अनंत चंद्रकासन यांनी २००७ मध्ये मांडलेला ९० नॅनोमीटरचा ऊर्जा-रिसीव्हर ०.६५ व्होल्टवर चालत होता आणि बिटमागे २.५ नॅनोज्यूल घेत होता. तुलना याच एककात होते. ॲम्प्लिफायर सतत सुरू ठेवला तर संथ वेगाला बिटमागचा खर्च फुगतो, म्हणून खिडकीबाहेर तो बंद करता येतो का, हेही पाहा.

माझे मत विचाराल तर: ४ मीटरच्या आत, समोरासमोर आणि १०० ते २०० मेगाबिटसाठी अनेक पट्ट्यांचा ऊर्जा-रिसीव्हर घ्या. अंतर १० मीटरकडे जात असेल तर एकबिट कोहिरंट आणि आंशिक रेक. त्यापलीकडे अंतर आणि वेग दोन्ही हवे असतील तर साधेपणाचा हट्ट सोडा आणि तयार वायफाय वापरा. ते काम त्याचेच आहे. प्रकल्प अहवालात आकृतीआधी डेसिबलचा तक्ता छापा. परीक्षकाचा पहिला प्रश्न तिथेच असेल, आणि असायलाही हवा.